माझ्या नावाच्या मेंढ्या

मी जन्मले त्या आठवड्यात दादांनी एका कोकराचा उजवा कान कातरला. दादा म्हणजे माझे वडील. आमच्या कळपाची खूण डाव्या कानावर, सरळ चीर. उजव्या कानाच्या कडेला नखाएवढा अर्धगोल कापला की ती मेंढी घरातल्या पोरीची. तिला होणारी मादी कोकरं पोरीची, आणि नर कोकरं बाजारात गेली तर त्या पैशातून घेतलेली मेंढीही पोरीचीच. पोर सासरी निघाली की तिच्या खुणेच्या जेवढ्या असतील तेवढ्या वेगळ्या काढून तिच्या पुढ्यात हाकायच्या. हे कुणी कागदावर लिहीत नाही. ज्याने कान कातरला त्यानेच शब्द फिरवला तर त्याला पकडणारं कुणी नसतं, आणि तरी कुणी फिरवल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही.

आमचं घर आंबेगावच्या पूर्वेला, जिथे कालव्याचं पाणी पोचत नाही अशा एका गावात. घर म्हणायचं खरं, पण वर्षातले सात महिने त्याला कुलूप असायचं. दिवाळी झाली की कळप घेऊन माळशेज घाटाने कोकणात उतरायचं आणि पावसाच्या आधी परत वर यायचं. मी पाच वर्षांची होईपर्यंत घोड्यावर, भांड्यांच्या आणि कोकरांच्या मधे बसून हा प्रवास केला. मग शाळेत नाव घातलं आणि आईने चालायला नकार दिला. पोरगी शिकणार, तर तिच्याबरोबर मी थांबणार, असं तिचं म्हणणं. दादांचं म्हणणं, सही करण्याइतकी शिकली की बास. लोकांना वाटतं, नवरा-बायको वेगळे झाले म्हणजे काहीतरी भयंकर घडलं असणार. आमच्याकडे तसं काही घडलं नाही. एक बाई चालून दमली होती आणि एका माणसाला थांबता येत नव्हतं. पाच वर्षं दोघं एकमेकांवर ओरडले, मग नुसते गप्प झाले, आणि मी चौथी पास झाले त्या उन्हाळ्यात आई मला घेऊन माहेरी, निमगाव सावाला आली.

मामाच्या ओट्यावर बैठक बसली. दोन्हीकडची भावकी आली, चहा झाला, आणि मामाने आणलेल्या स्टॅम्प पेपरवर गावातल्या एका लिहित्या माणसाने मजकूर उतरवला. मुलगी आईकडे राहील. वडिलांवर कसलाही बोजा राहणार नाही. आई पुढे काही मागणार नाही, वडील मुलीला मागणार नाहीत. दादांनी अंगठा दिला, आईने सही केली. सगळ्यांना हे फार चांगलं मिटलं असं वाटलं. भांडण नाही, पोलीस नाहीत, कोर्ट नाही. मला काही विचारलं नाही, आणि विचारायला हवं होतं असं तेव्हा मलाही वाटलं नाही. मी कप विसळत होते.

जाताना दादा गोठ्यापाशी थांबले. मला जवळ बोलावून म्हणाले, "तुझ्या नऊ हाईत. त्या माझ्या कागदात न्हाईत. तुझ्या तुला ऱ्हातील."

मी आईला हे सांगितलं नाही. का, ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. मला भीती होती की आई म्हणेल, आण त्या इकडं, विकू. त्यातली पहिली, तोंडावर पांढरा पट्टा असलेली, मला फार आवडायची.

मामा काही वाईट माणूस नव्हता. पण त्याची तीन पोरं, दोन एकर, एक विहीर. मामी तोंडाने फटकळ होती आणि तिचंही काही चुकत नव्हतं. आई रोजाने जायची. कांद्याची लागण, कांद्याची काढणी, टोमॅटो बांधायला, बाजरी काढायला. सकाळी मला डबा देऊन निघायची आणि दिवेलागणीला यायची. त्या काळात आईचे उपास फार वाढले. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी. कधी कधी नुसताच, "आज माझा हाय" म्हणायची आणि माझ्या ताटात वाढायची. मला तिचा अभिमान वाटायचा. वर्गात एका मैत्रिणीची आई फक्त सोमवार करायची. मी तिला ऐकवलं होतं की माझी आई आठवड्यातले चार दिवस करते.

दरवर्षी दिवाळीनंतर दादांचा कळप निमगावावरून जायचा. खरं तर त्यांच्या वाटेवर निमगाव येतच नाही. आठ-दहा मैल वाकडी वाट करून यायचे ते. मामाच्या घरी यायचे नाहीत, कारण कागदात मुलीला मागणार नाही असं लिहिलं होतं आणि भेटणं म्हणजे मागणं असा त्यांनी त्याचा अर्थ लावला होता. शाळेच्या मागच्या ओढ्यात कळप पाण्यावर घालायचे आणि उभे राहायचे. मधली सुट्टी झाली की मी तारेखालून पळायचे. दादा एकेक मेंढी धरून तिचा उजवा कान मला दाखवायचे. ही तुझी. ही बी. ही औंदा झाली. मी मोजायचे. पहिल्या वर्षी तेरा, दुसऱ्या वर्षी सतरा. शाळा कशी चाललीये, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मीही कोकण कसं होतं ते विचारलं नाही. आमचं बोलणं सगळं कानांबद्दल.

संध्याकाळी आई माझ्या फ्रॉकला चिकटलेली कुसळं आणि लोकर एकेक करून काढायची. कुठे गेली होतीस, हे तिने एकदाही विचारलं नाही.

मी सातवीत गेले तेव्हा आई आजारी पडली. काढणीच्या विळ्याने हात कापला, जखम चिघळली, तीन आठवडे रोज बुडाला. मामीने एक दिवस डब्याचं पीठ मळता मळता म्हटलं, ज्यानं जन्माला घातलं त्यो मोकळा फिरतोय आन् आमी हितं मरतोय. मला ते ऐकू यावं म्हणूनच म्हटलं होतं. त्याच आठवड्यात गावच्या अंगणवाडीच्या ताईंनी आईला सांगितलं की त्या स्टॅम्प पेपरला काही अर्थ नाही, तू जुन्नरला जा. कोर्टातून फुकट वकील मिळतो म्हणाल्या.

वकीलबाई तरुण होत्या, चष्मा सारखा वर करायच्या. आईने कागद पुढे ठेवला आणि अपराध्यासारखं म्हणाली, मी तर लिहून दिलंय, काही मागणार नाही म्हणून. बाईंनी कागद वाचला आणि बाजूला सारला.

"पोटगी मुलीची आहे," त्या म्हणाल्या. "तुमची नाही. जे तुमचं नव्हतंच, ते तुम्ही माफ कसं केलंत?"

हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही. गाडीत बसून परत येताना आळेफाट्यापर्यंत आई ते मनात घोळवत होती, मला दिसत होतं. बाईंनी आणखीही बरंच समजावलं होतं. नवरा-बायकोत काय बिनसलं, चूक कुणाची, हा हिशेब वेगळा आणि मुलीचं पोट वेगळं. बाप भेटायला येत नाही म्हणून त्याची जबाबदारी संपत नाही, आणि पैसे देत नाही म्हणून त्याला भेटू द्यायचं नाही असंही आईला करता येत नाही. रक्कम ठरते ती बापाची ऐपत आणि मुलीची गरज बघून. आणि बहुतेक वेळा ती अर्ज केल्या दिवसापासून मोजली जाते, म्हणून अर्जाला उशीर करू नका. मग त्यांनी विचारलं, आत्तापर्यंत त्यांच्याकडून काही मिळालंय? आई म्हणाली, एक रुपया नाही. ते खरंच होतं. एक रुपयाही मिळाला नव्हता.

अर्ज झाला. समन्स दादांच्या गावी गेलं आणि घराला कुलूप म्हणून परत आलं. पुन्हा गेलं, पुन्हा आलं. दादा तेव्हा कोकणात कुठल्यातरी भाताच्या रानात मेंढ्या बसवून होते. मेंढ्या बसवणं म्हणजे शेतात रात्रभर कळप ठेवायचा, लेंड्यांचं खत शेतकऱ्याला, आणि त्याबदल्यात धान्य किंवा पैसे मेंढक्याला. कोर्टाच्या माणसाला हे कसं कळावं? तिथे लिहिलं गेलं, पत्त्यावर मिळून येत नाही. मामा म्हणाला, बघा, तोंड चुकवतोय. मला माहीत होतं की दादा तोंड चुकवत नाहीत, पाऊस जवळ आला की वर येतील. मी बोलले नाही. बोलले नाही, हे मला या लिखाणात वारंवार लिहावं लागणार आहे.

ते आले. ज्या दिवशी समन्स हातात पडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून जुन्नरला वकील बघायला गेले. मग दोन्हीकडच्यांना आपापल्या मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं. काय कमावता, काय खर्चता, जमीन किती, जनावरं किती, सगळं शपथेवर. आईचं अर्ध्या पानात संपलं. दादांच्या कागदात लिहिलं होतं, कोरडवाहू जमीन दीड एकर, घोडं एक, मेंढ्या एक्केचाळीस.

मामाने ते ऐकलं आणि हसला. महिन्याभरापूर्वी दादांचा कळप राजुरीच्या एका वावरात बसला होता. मामा मुद्दाम मोटरसायकलवर गेला होता, बांधावर उभं राहून मोजून आला होता आणि मोबाइलवर चित्रणही घेऊन आला होता. मेंढ्या त्रेसष्ट होत्या.

त्या तारखेला मी कोर्टात होते. शाळा बुडवून आईबरोबर गेले होते, कारण तिच्या हाताने तिला अजून पिशवी धरता येत नव्हती. न्यायाधीश बाई होत्या, वयाने आईएवढ्या. त्यांनी चित्रण पाहिलं, कागद पाहिला, आणि दादांना विचारलं की उरलेल्या बावीस मेंढ्या कुणाच्या. दादा पागोटं काखेत धरून उभे होते.

"पोरीच्या हाईत, सायेब," ते म्हणाले. "माझ्या असत्या तर लिवल्या असत्या."

बाईंनी विचारलं, काही लेखी आहे का.

"लेखी न्हाई. कान कातरल्यात."

मागे कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. दादांचा वकील उठून म्हणाला, यांच्यात तशी रीत आहे, ही एक प्रकारे मुलीची तरतूदच आहे. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, बावीस मेंढ्या यांच्या कळपात, यांच्या ताब्यात, यांच्या मर्जीवर. मुलीच्या ताटात त्यातलं काय येतं? मला आज वाटतं, त्या एका प्रश्नात त्या पूर्ण बरोबर होत्या. कोकणात चरणाऱ्या मेंढीने निमगावात वही येत नाही. पण दादाही खोटं बोलत नव्हते. त्यांनी शपथेवर सांगायचं म्हणून नेमकं तेवढंच लिहिलं होतं जेवढं त्यांचं होतं. पोरीची जनावरं स्वतःच्या नावावर लिहिणं त्यांना चोरीसारखं वाटलं असतं. अख्ख्या कोर्टात ही गोष्ट समजणारी माणसं तीनच होती. एक दादा, एक मी. तिसरं माणूस कोण, ते मला फार पुढे कळलं.

मग न्यायाधीश बाईंनी मला आत त्यांच्या खोलीत बोलावलं. असं सहसा करत नाहीत, असं वकीलबाई नंतर म्हणाल्या. आत टेबलावर काचेच्या पेल्यात पाणी होतं, त्यावर झाकण. मला खुर्ची दिली. कितवीत आहेस, कुठला विषय आवडतो, असं विचारून झाल्यावर बाई म्हणाल्या, "घाबरू नकोस. तुझ्या वडिलांनी कधी सांगितलं होतं का तुला, की या मेंढ्या तुझ्या आहेत?"

मी त्या झाकणाकडे बघत म्हणाले, "नाही."

मला कुणी शिकवलं नव्हतं. मामाने नाही, आईने नाही. लोकांना वाटेल, शिकवून पाठवलं असेल पोरीला. तेवढं तरी दुसऱ्याच्या माथी मारता आलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या डोक्यात दोन गोष्टी एकदम आल्या. हो म्हटलं तर दादांनी माझं आधीच दिलेलं आहे असं ठरेल, आईला काही मिळणार नाही, आणि आपण मामीच्या पिठावर तसेच राहू. दुसरी गोष्ट अशी, की हो म्हटलं तर मेंढ्या कागदावर माझ्या होतील, मग त्या विकायला लागतील, आणि पांढऱ्या पट्ट्याची ती आळेफाट्याला खाटकाच्या टेम्पोत चढेल. यातलं मोठं कारण कुठलं, ते मी अजून ठरवू शकलेले नाही. बाईंनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर दादा बाकावर बसलेले दिसले. आत काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं. मी जवळून गेले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, नेहमीसारखाच जड. मला त्यांचा राग आला. एवढा जड हात ठेवायचा आणि वर्षातून एकदाच यायचं. आता कळतं की तो राग मला तेव्हा फार उपयोगी पडला.

निकाल लागला. मेंढ्या सगळ्या दादांच्याच धरल्या. दरमहा तीन हजार रुपये, मुलगी सज्ञान होईपर्यंत, आणि अर्ज केल्या तारखेपासूनची थकबाकी हप्त्यांनी. मिळकत लपवण्याचा प्रयत्न केला, असा शेराही होता. वकीलबाईंनी आईला सांगितलं की पैसे आले नाहीत तर वसुलीचा अर्ज करता येतो, पण एका वर्षाच्या आत करायचा, साचवून ठेवायचं नाही. थकवणाऱ्याला तुरुंगातही पाठवतात. आणि तुरुंगात जाऊन आला म्हणून त्याचं देणं फिटत नाही.

पैसे यायला लागले. आईच्या मोबाइलवर संदेश यायचा आणि ती तो मला वाचायला लावायची, पुन्हा पुन्हा नाही, एकदाच. महिन्यातून एकदा ती आळेफाट्याला बँकेत जायची. मला सायकल आली, दप्तर आलं, आठवीपासून राजुरीच्या शाळेला जायला गाडीभाडं आलं. मामीच्या तोंडाला आपोआप खीळ बसली. आईचे उपासही कमी होत गेले. दोन वर्षांत चतुर्थी तेवढी राहिली. मला वाटलं, कोर्टाच्या कटकटीत हिचा देवावरचा विश्वास उडाला.

एका हिवाळ्यात ओळीने चार महिने संदेश आला नाही. वकीलबाईंनी फोन करून विचारलं, अर्ज तयार करू का. आई म्हणाली, "कोकणात हाईत. वर येऊ द्या." मामा चिडला. जेठात चारही महिन्यांचे पैसे एकदम आले. मला तेव्हा आश्चर्य वाटायला हवं होतं, की ज्या माणसाने मेंढ्या लपवल्या असं आपण म्हणतो, त्याच्यावर आई एवढा विश्वास कशी ठेवते.

दिवाळीनंतर दादा अजूनही ओढ्यात यायचे. राजुरीहून लवकर सुटून मी गाठायचे. निकालानंतरच्या पहिल्या वर्षी मला कळप लहान दिसला. मी कान मोजले. माझ्या चोवीस होत्या, सगळ्या जिथल्या तिथे. कमी झाल्या होत्या त्या नुसत्या डाव्या कानाच्या. पुढच्या वर्षी त्या आणखी कमी. मी चौदा-पंधरा वर्षांची होते, मला गणित येत होतं. माझी पोटगी द्यायला दादा स्वतःच्या मेंढ्या विकत होते आणि माझ्यातल्या एकीला हात लावत नव्हते. पोरीचं विकून पोरीला द्यायचं, हे त्यांच्या हिशेबात बसत नसणार. मी दहावीत असताना त्यांच्या खुणेची एकही मेंढी उरली नव्हती. दुसऱ्यांच्या मेंढ्या वाट्याने राखायचे ते, म्हणजे वाढ होईल त्यातली निम्मी राखणाऱ्याची, आणि त्यातून दर महिन्याचे तीन हजार काढायचे. आयुष्यभर स्वतःचा कळप हाकलेला माणूस लोकांच्या आणि लेकीच्या मेंढ्या हाकत होता. मी बघत होते. बोलले नाही.

मी अठरा वर्षांची झाले आणि तो हुकूम संपला. वकीलबाई म्हणाल्या की लग्न न झालेल्या मुलीला दुसऱ्या कायद्याखाली पुढेही मागता येतं, वेगळा दावा करावा लागेल, बघा. मला नर्सिंगला जायचं होतं आणि मंचरच्या एका कॉलेजने सांगितलेली फी आमच्या आवाक्याबाहेर होती. आईने निर्णय माझ्यावर टाकला. तुझं हाय, तू ठरव, म्हणाली. मी दोन महिने नुसती टाळत राहिले. दावा करायचा म्हणजे पुन्हा जुन्नर, पुन्हा प्रतिज्ञापत्र, पुन्हा मेंढ्या किती.

त्या दिवाळीनंतर कळप ओढ्यात थांबला नाही. भर दुपारी दादा मामाच्या घराशी आले. आठ वर्षांत पहिल्यांदा. कांदा काढून रिकाम्या झालेल्या मामाच्या वावरात त्यांनी मेंढ्या घातल्या आणि बांधावर बसले. त्यांनी फक्त माझ्याच मेंढ्या आणल्या होत्या. आई पाण्याचा तांब्या घेऊन गेली, तो त्यांच्यापुढे ठेवला आणि दोन हात लांब उभी राहिली.

"कोर्टाचं झालं," दादा मला म्हणाले. "आता मोजून घे."

बेचाळीस होत्या. पांढऱ्या पट्ट्याची केव्हाच मेली होती, पण तसाच पट्टा असलेल्या दोघी-तिघी होत्या. मी मोजत असताना आई वावरात उतरली. तिने पदर खोचला आणि एकेक मेंढी धरून, वय बघून, सड बघून ती बाजूला काढायला लागली. उजव्या कानाकडे तिने वळूनही पाहिलं नाही. न बघताच तिला त्या सगळ्या कुणाच्या ते ठाऊक होतं. मेंढक्याच्या घरात दिलेली बाई, माझ्या पहिल्या कोकराचा कान कातरला तेव्हा बाळंतिणीच्या खाटेवर होती ती. तिला ठाऊक नसणार तर कुणाला? कोर्टातलं तिसरं माणूस तेव्हा माझ्या शेजारीच बसलं होतं. एवढी साधी गोष्ट मला इतकी वर्षं सुचली नव्हती.

एकवीस मेंढ्या वेगळ्या झाल्या. आईने त्या दादांच्या बाजूला हाकल्या.

"ह्या तुमच्या," ती म्हणाली. "राखणीचा निम्मा."

दादा उठून उभे राहिले. पोरीच्या राखणीचं कुणी घेत नाही, म्हणाले.

"बाप म्हणून घेऊ नगा. बापाचं जे व्हतं ते कोर्टानं घेतलं. मेंढका म्हणून घ्या. अठरा वर्सं राखल्यात."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले, जणू निकाल मी द्यायचा होता. मला रडू आलं आणि त्या रडण्याचाही मला राग आला. मी दादांना सांगून टाकलं की मला माहीत होतं. तुमी मला सांगितलं व्हतं, तरी मी कोर्टातल्या त्या बाईंशी खोटं बोलले. तुमाला लबाड ठरवलं ते मी.

दादांनी पागोटं काढून पुन्हा घातलं.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "निकालात व्हतं. वकिलानं वाचून दावलं. मुलीला इचारलं तवा ती न्हाई म्हणली."

म्हणजे पाच वर्षं त्यांना माहीत होतं. पाच वर्षं ते माहीत असून ते ओढ्यात येत होते, एकेक कान मला दाखवत होते, आणि हप्ते भरत होते. मी मान खाली घातली. आता ते ओरडतील असं वाटलं, ओरडावं असंही वाटलं. 

"येक इचारायचं ऱ्हायलंय," ते म्हणाले. "तवा उपाशी व्हतीस का गं?"

एवढंच ते इतकी वर्षं घेऊन फिरत होते. पोर खोटं का बोलली, याचं एकच कारण त्यांना सुचलं होतं, आणि ते विचारायची त्यांना हिंमत होत नव्हती. मला पटकन हो म्हणता आलं असतं. त्याने माझं खोटं झाकलं गेलं असतं. पण एकदा बोलून झालं होतं.

"मी न्हाई, दादा," मी म्हणाले. "मला रोज मिळायचं. आईचे उपास असायचे."

हे तोंडातून निघालं आणि मी थांबले. सोमवार, गुरुवार, शनिवार. माझं मलाच त्या क्षणी कळलं. दादांनी आईकडे पाहिलं. ती रिकामा तांब्या उचलायला वाकली होती, ती तशीच वाकून राहिली. देवाचे व्हते, असं काहीतरी ती म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. तिने तांब्या उचलला, पदराने पुसला आणि घराकडे चालायला लागली.